लक्ष्मणराव किर्लोस्कर : लोखंडी नांगर घडवणारे ड्रॉइंगचे मास्तर



आपल्या खर्डा परिसरात कोणत्याही मळ्यात गेलात तर विहिरीवरच्या मोटारीवर, पंपावर किंवा कोपऱ्यात पडलेल्या जुन्या डिझेल इंजिनावर एक नाव हमखास वाचायला मिळतं, ते म्हणजे किर्लोस्कर. तिसरी-चौथीतली मुलं हे जोडाक्षर मोठ्या हौसेने वाचतात. पण हे एका माणसाचं आडनाव आहे, तो माणूस आधी शिक्षक होता आणि त्याला चित्रकार व्हायचं होतं, हे बहुतेक मुलांना ठाऊक नसतं. खरं सांगायचं तर मोठ्यांनाही ते फारसं ठाऊक नसतं.

आज आपण लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचं चरित्र पाहणार आहोत. पाठ घेताना उपयोगी पडावं म्हणून मुद्देवार मांडलं आहे. पण वाचताना एक प्रश्न मनात ठेवा. एखाद्या मुलाला एक विषय जमत नाही असं कळलं की आपण पुढे काय करतो? या प्रश्नासाठीच मला हे चरित्र आपल्या शाळांना फार जवळचं वाटतं.

जन्म आणि घर

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. घरात पोथ्या, पाठांतर आणि चर्चा असं वातावरण होतं. अशा घरातला मुलगा शिकून-सवरून सरकारी नोकरीत जाईल, अशीच तेव्हा साधारण अपेक्षा असायची.

लक्ष्मणरावांचं मन मात्र पाठ्यपुस्तकात रमत नव्हतं. त्यांना दोनच गोष्टींची ओढ होती. एक चित्र काढायची आणि दुसरी यंत्रं खोलून पाहायची. आपल्या वर्गातही अशी मुलं असतात. वहीच्या शेवटच्या पानावर ट्रॅक्टर काढलेला असतो आणि पेनाची स्प्रिंग बाकाखाली निघालेली असते.

इथे एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. संगीत सौभद्र लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे वेगळे. त्यांचं नाव बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. तेही गुर्लहोसूरचेच. दोघांचं आडनाव आणि गाव एक असल्यामुळे सामान्यज्ञानाच्या परीक्षेत मुलांचा हमखास गोंधळ होतो.

चित्रकलेची शाळा आणि रंगांची अडचण

1885 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. वडिलांना हे पसंत नव्हतं. चित्रं काढून पोट कसं भरणार, ही काळजी त्या काळच्या बापालाही होती आणि आजच्या पालकालाही आहे. पण थोरले बंधू रामचंद्र, म्हणजेच रामुअण्णा, त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

पुढे एक वेगळीच अडचण समोर आली. लक्ष्मणरावांना काही रंगांमधला फरक ओळखता येत नव्हता. त्यांना अंशतः रंगांधत्व होतं. ज्याला चित्रकार व्हायचं आहे त्याच्या दृष्टीने याहून मोठं संकट कोणतं? हात चांगला, रेषा चांगली, पण रंगाच्या वाटीजवळ गेलं की सगळं अडायचं. हा दोष अभ्यासाने जात नाही आणि सरावाने सुधारत नाही.

त्यांनी रंगकाम सोडलं, पण चित्र काढणं सोडलं नाही. ते यांत्रिक चित्रकलेकडे, म्हणजे आपण ज्याला मेकॅनिकल ड्रॉइंग म्हणतो तिकडे वळले. यंत्राचा एखादा भाग समोरून कसा दिसतो, वरून कसा दिसतो, बाजूने कसा दिसतो, हे मापात काढायचं असतं. त्यात रंग लागत नाही. लागते ती स्वच्छ रेषा, नेमकं माप आणि वस्तू मनातल्या मनात फिरवून पाहण्याची ताकद. या तिन्ही गोष्टी लक्ष्मणरावांकडे होत्या.

शिक्षक हो, या ठिकाणी थोडं थांबा. जी गोष्ट जमत नव्हती तिच्या अगदी शेजारीच जमणारी गोष्ट होती. रंग नाही जमला, रेषा जमली. पण ते कळण्यासाठी त्या मुलाला चित्रशाळेपर्यंत पोहोचू द्यावं लागलं. रामुअण्णांनी आधीच पाय मागे ओढायला लावला असता तर हा शेजारचा दरवाजा कधी दिसलाच नसता.

शिक्षक लक्ष्मणराव

शिक्षण झाल्यावर लक्ष्मणरावांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक चित्रकला शिकवण्याची नोकरी मिळाली. ही संस्था 1887 साली सुरू झालेली. आज आपण तिला व्हीजेटीआय म्हणून ओळखतो. म्हणजे हा मोठा कारखानदार आधी तुमच्या-माझ्यासारखा फळ्यासमोर उभा राहणारा मास्तर होता.

पण फळ्यापुरते ते थांबले नाहीत. जे यंत्र कागदावर काढायला शिकवायचं ते प्रत्यक्ष चालतं कसं, हे समजून घ्यायचा त्यांनी ध्यास घेतला. वाफेचं इंजिन, पट्टे, दातेरी चाकं, लेथ यांची माहिती त्यांनी पुस्तकं वाचून आणि यंत्रशाळेत हात काळे करून मिळवली.

पुढे बढतीची वेळ आली. लायक असूनही त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. इंग्रजी राज्यात हे नवीन नव्हतं. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला भावाकडे गेले. घरसंसार असलेल्या माणसाने पगाराची नोकरी सोडणं किती अवघड असतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

सायकलचं दुकान

बेळगावला जायच्या आधीच दोन भावांनी एक छोटा धंदा सुरू केला होता. मुंबईत लक्ष्मणरावांनी सायकल पाहिली. त्या काळी सायकल ही मोटारगाडीसारखीच नवलाची वस्तू होती. 1888 साली बेळगावला सायकलचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामुअण्णा बेळगावला त्या विकायचे. सायकल विकत घेणाऱ्याला ती चालवता येत नसे, म्हणून शिकवणीही दुकानातच. त्या शिकवणीचे 15 रुपये घेत असत. दुकानावर पाटी होती किर्लोस्कर ब्रदर्स.

आज जगभर पंप पाठवणाऱ्या कंपनीचं हेच नाव आहे. 1888 हेच तिचं सुरुवातीचं वर्ष मानतात. मुलांना हे सांगताना त्या पाटीतल्या ब्रदर्स या शब्दाकडे लक्ष वेधा. मुंबईतला भाऊ यंत्राकडे बघत होता, बेळगावचा भाऊ गिऱ्हाईक आणि हिशेब सांभाळत होता.

कडबाकुट्टी आणि लोखंडी नांगर

सायकल ही बाहेरून आणलेली वस्तू होती. लक्ष्मणरावांना स्वतः काहीतरी बनवायचं होतं. आसपास पाहिलं तर सगळीकडे शेती आणि जनावरं. मग त्यांनी पहिलं यंत्र बनवलं ते कडबा कापायचं.

आपल्याकडच्या मुलांना हे समजावायला फार सोपं आहे. ज्वारीचा कडबा बैलांपुढे तसाच टाकला तर ते पानं खातात आणि जाड धाटं पायाखाली तुडवतात. तोच कडबा बारीक कापून दिला तर बराचसा खाल्ला जातो. दुष्काळी भागात ही बचत म्हणजे जनावर जगवणं. आज घरोघरी कडबाकुट्टी मशीन आहे. तेव्हा ती कल्पनाच नवी होती.

त्यानंतर त्यांनी हात घातला नांगराला. शेकडो वर्षं आपला शेतकरी लाकडी नांगर वापरत आला होता. लाकडी नांगर जमीन चिरतो, पण माती उलटी करत नाही. त्याची चीर वर रुंद आणि खाली अरुंद असते, त्यामुळे दोन तासांच्या मधे न नांगरलेला पट्टा राहतो. हरळी आणि कुंदा यांची मुळं खोलवर तशीच राहतात. लोखंडी नांगराला फाळाच्या वर एक वळणदार पत्रा असतो. फाळ माती खालून कापतो आणि पत्रा ती उचलून पालथी घालतो. त्यामुळे खालची माती वर येते, गवत मुळासकट वर येऊन उन्हात वाळतं किंवा गाडलं जातं, आणि पावसाचं पाणी खोलवर मुरतं.

नांगर चांगला होता. पण घ्यायला कोणी तयार नव्हतं. लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये पक्की होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली!

दोन वर्षं म्हणजे दोन पेरण्या, दोन सुग्या आणि दोन दिवाळ्या. कारखान्यात माल तयार आहे, मजुरी द्यायची आहे, आणि विक्री शून्य. आज आपण या गोष्टीकडे पाहून शेतकऱ्यांना अडाणी ठरवू नये. मुलांनाही तसं सांगू नये. ज्याच्याकडे चार-पाच एकर जमीन आहे आणि वर्षभराचं घर त्यावर चालतं, तो आपली जमीन प्रयोगाला द्यायला घाबरणारच. चुकलं तर कारखानदाराचा एक नांगर वाया जाईल, शेतकऱ्याचं अख्खं वर्ष वाया जाईल. ही भीती समजुतीच्या रूपाने बोलली जात होती, एवढंच.

ती भीती शेवटी गेली ती नांगरलेलं रान आणि त्यातलं पीक डोळ्यांनी पाहून. शेजाऱ्याच्या शेतात हरळी कमी दिसली की बांधावरचा माणूस आपोआप चौकशी करतो. नवीन बियाणं असो वा ठिबक, आपल्याकडे आजही तेच होतं.

बेळगाव सोडावं लागलं

धंदा जरा मार्गी लागतोय असं वाटत असतानाच दुसरं संकट आलं. बेळगावजवळ ठळकवाडीला त्यांचा कारखाना होता. नगरपालिकेला त्या भागात नवी वस्ती वसवायची होती, म्हणून कारखान्याची जागा सोडायला सांगण्यात आलं. यंत्रं, भट्टी, माणसं, सगळं घेऊन जायचं कुठे?

त्याच सुमारास लक्ष्मणराव औंध संस्थानात सभामंडपाच्या बांधकामाचं काम करत होते. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना ही अडचण कळली. त्यांनी आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडायला सांगितली आणि 10,000 रुपये बिनव्याजी दिले. बाळासाहेब स्वतः नावाजलेले चित्रकार होते. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे म्हणूनही आपण त्यांना ओळखतो. रंगांमुळे चित्रकला सोडावी लागलेल्या माणसाला आधार मिळाला तो एका चित्रकार राजाकडून, हा योगायोग मुलांना नक्की सांगा.

लक्ष्मणरावांनी निवडलेली जागा कुंडल रोड या रेल्वे स्टेशनजवळची होती. 32 एकर माळरान. निवडुंगाची दाट झाडी आणि त्यात साप. पाण्याची वाण. गावापासून लांब. पण रेल्वे जवळ होती, म्हणजे कच्चा माल येणार आणि तयार माल जाणार. 10 मार्च 1910 ही किर्लोस्करवाडीची स्थापना तारीख मानली जाते. आज ही वाडी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे आणि त्या स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं आहे.

वाडीतली माणसं

सुरुवातीला 25 कामगार आणि त्यांची कुटुंबं त्या माळावर राहायला आली. निवडुंग तोडायचा, साप मारायचे, तात्पुरता निवारा उभा करायचा, आणि त्याच वेळी भट्टीही पेटती ठेवायची. पुरुष कारखान्यात होते, तर माळरानावर चूल मांडून संसार उभा करणं हे बायकांचं काम होतं. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांचाही त्यात मोठा वाटा होता. चरित्रात हा भाग बहुतेक वेळा दोन ओळींत संपतो. आपण वर्गात तो थोडा वाढवून सांगायला हरकत नाही.

लक्ष्मणरावांना माणसं निवडायची वेगळीच दृष्टी होती. शंभोराव जांभेकर हे यंत्रकामात तरबेज होते. मंगेशराव रेगे पत्रव्यवहार आणि जमाखर्च पाहायचे. अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले, पण नवनव्या कल्पना सुचणारे. रामुअण्णांकडे वाडीचा कारभार. रात्रीच्या राखणीला तर त्यांनी चक्क दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेली माणसं नेमली. ज्यांच्यावर बाहेर कोणी विश्वास ठेवत नव्हतं त्यांच्या हाती कारखान्याची राखण दिली आणि त्या माणसांनी तो विश्वास सांभाळला.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा नियम होता. 1910 च्या सुमारास, सनातनी वातावरणात, वेदान्ती घरातल्या माणसाने हा नियम करणं ही साधी गोष्ट नव्हती. एकाच भट्टीशी काम करणारी माणसं एकाच वस्तीत राहू लागली.

शाळा अर्धवट सुटलेला मुलगा, शिक्षा भोगून आलेला माणूस, रंग न ओळखणारा मालक. आपल्या हजेरीपटाच्या भाषेत बोलायचं तर यातल्या प्रत्येकापुढे काहीतरी लाल शेरा होता. पण प्रत्येकाला काय येतं हे कोणीतरी पाहिलं आणि त्याला तेच काम दिलं.

तोफांचे झाले नांगर

आता आपल्या खर्ड्याच्या मुलांना सगळ्यात आवडेल असा भाग.

खर्डा म्हटलं की आपल्याला 11 मार्च 1795 ची लढाई आठवते. मराठे आणि निजाम यांची ही मोठी लढाई. पराभवानंतर निजामाने आपल्या या भुईकोट किल्ल्याचाच आसरा घेतला होता. त्यामुळे तोफ म्हणजे काय हे आपल्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. पण तोफेचं पुढे काय होतं?

1914 साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशातून येणारं लोखंड बंद झालं. कोळसाही मिळेना. नांगराला तर मागणी वाढलेली, कारण परदेशी नांगरही यायचे थांबले होते. लोखंड नाही तर कारखाना बंद, आणि कारखाना बंद तर वाडीतल्या सगळ्या चुली बंद.

तेव्हा कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज मदतीला आले. त्यांच्या संस्थानातल्या किल्ल्यांवर जुन्या लोखंडी तोफा पडून होत्या. त्या त्यांनी लक्ष्मणरावांना दिल्या. किर्लोस्करवाडीच्या भट्टीत त्या तोफा वितळवल्या गेल्या आणि त्या लोखंडाचे नांगर ओतले गेले. ज्या लोखंडातून गोळे सुटले त्याच लोखंडाने रान नांगरलं गेलं.

ऐतिहासिक वस्तू जपाव्यात असं आपण मुलांना शिकवतो आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे हा प्रसंग सांगितला की चौथीतलं एखादं मूल लगेच विचारील, मग त्या तोफा वितळवायला नको होत्या का? प्रश्न टाळू नका. वर्गात दोन गट करा आणि चर्चा होऊ द्या. एका बाजूला वारसा, दुसऱ्या बाजूला पेरणी. उत्तर फळ्यावर लिहून द्यायची घाई नको.

पुढची पिढी

नांगरापाठोपाठ वाडीत उसाचा रस काढायचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, रहाट, हातपंप अशी शेतकऱ्याच्या रोजच्या उपयोगाची अवजारं होऊ लागली. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही रीतसर लिमिटेड कंपनी झाली.

त्याच वर्षी वाडीतून एक मासिक निघू लागलं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजेच शं. वा. किर्लोस्कर, त्याचे संपादक. कारखान्याची खबर देणारं ते पत्रक वाढत वाढत मराठीतलं मोठं मासिक झालं, ते म्हणजे किर्लोस्कर. पुढे 1930 साली स्त्री आणि 1934 साली मनोहर ही मासिकं निघाली. नांगर बनवणाऱ्या वाडीतून बायकांच्या प्रश्नांवर लिहिणारं मासिक निघालं, हे आजही नवल वाटण्यासारखं आहे.

लक्ष्मणरावांचा मुलगा शंतनुराव याचा जन्म 1903 चा. तो अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकला आणि 1926 साली परत आला. वडिलांनी जे हाताने आणि नजरेने शिकलं होतं त्याला मुलाने शास्त्रशुद्ध शिक्षणाची जोड दिली. त्यानंतर पंप आणि इंजिनं यांवर भर वाढला. 1941 साली हरिहरला लेथ यंत्रांचा कारखाना निघाला. 1946 साली पुण्यात ऑइल इंजिनांची आणि बंगळूरला विजेच्या मोटारींची कंपनी स्थापन झाली. आपल्या विहिरींवर हे नाव आलं ते या वाटेने.

सगळंच चांगलं घडलं असं नाही. 1948 च्या सुरुवातीला, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीलाही आग लावण्यात आली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. निवडुंग तोडून उभं केलेलं जळताना पाहायची वेळ त्या वयात आली. कारखाना पुन्हा उभा राहिला.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. 1969 साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

आपण यातून काय घ्यायचं?

पालकहो, आता थोडं स्पष्ट बोलते. आपल्या तालुक्यात ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत, कोरडवाहू शेती करणारी आहेत. सगळ्यांची इच्छा एकच, पोरानं शिकून नोकरीला लागावं. ती चुकीची नाही. पण त्या इच्छेपायी आपण हाताने काम करणाऱ्या मुलाला नकळत खालच्या पायरीवर बसवतो. जो मोटारीची वायर बरोबर जोडतो, बिघडलेला फवारणी पंप खोलून पुन्हा लावतो, त्याला गणितात कमी गुण पडले की तो घरात आणि शाळेत ढ ठरतो. आयटीआयला पाठवायचं तेही दुसरं काही जमलं नाही म्हणून.

खरं म्हणजे पंप खोलताना तो क्रम लक्षात ठेवतो, माप पाहतो, कुठे दाब येतो याचा अंदाज घेतो. हे सगळं डोकंच आहे. आपल्या प्रश्नपत्रिकेत ते विचारलं जात नाही, एवढाच फरक. असं मूल दहावीच्या आत स्वतःला नालायक समजायला लागलं तर त्याचं नुकसान पुढे कोणतीही योजना भरून काढू शकत नाही. म्हणून वेळ आत्ता आहे, पहिली ते पाचवीत.

दुसरी गोष्ट धीराची. दोन वर्षं एकही नांगर विकला गेला नाही तेव्हा रामुअण्णांनी भावाला परत नोकरी शोधायला लावलं असतं तर कोणी त्यांना दोष दिला नसता. कुटुंब म्हणून धंदा करणं म्हणजे फक्त नफा वाटून घेणं नव्हे, रिकामा गल्ला दोघांनी मिळून पाहणंही त्यात येतं.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

1. माती चिरणे आणि माती उलटणे : शाळेच्या परसबागेत एका वाफ्यात टोकदार काठीने रेघ ओढा, दुसऱ्यात खुरप्याने माती पालथी घाला. दोन्हींवर सारखंच पाणी टाका. पाणी कुठे लवकर मुरतं? आठवड्याने गवत कुठे जास्त दिसतं? मुलांना नोंद करू द्या.

2. तीन बाजूंचं चित्र : डबा, तांब्या किंवा घरची कडबाकुट्टी घ्या. समोरून, वरून आणि बाजूने असं तीन वेळा काढायला सांगा. रंग भरायचे नाहीत. एरवी चित्रकलेच्या तासाला मागे राहणारं एखादं मूल यात पुढे निघेल. कडबाकुट्टी बंद असताना आणि मोठं माणूस जवळ असतानाच पाहायची, हे आधी बजावा.

3. रोपवाटिकेचं अवजार : पावसाळ्यापूर्वी आपण झाडांच्या पिशव्या भरतो. एक मूल पिशवी धरतं, दुसरं माती टाकतं, निम्मी बाहेर सांडते. ही पिशवी एकट्याने आणि न सांडता भरता येईल असं काहीतरी घरच्या टाकाऊ वस्तूंमधून बनवायला सांगा. कापलेली बाटली, पाइपचा तुकडा, पत्र्याचं नरसाळं, काहीही चालेल. पहिला प्रयत्न फसला तर दुसऱ्याला वेळ द्या. यंत्र असंच जन्माला येतं.

4. आजोबांची मुलाखत : लाकडी नांगर कधीपर्यंत होता, लोखंडी कधी आला, किती बैल लागायचे, ट्रॅक्टर कधी आला, हे विचारून दहा ओळी लिहा.

5. रंगांकडे लक्ष : एखादं मूल सारखं पान तपकिरी आणि माती हिरवी रंगवत असेल तर त्याला लगेच रागावू नका. रंगांधत्व मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये बरंच जास्त आढळतं. ठिपक्यांच्या आकड्यांची सोपी चाचणी असते. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं की डॉक्टरांना विचारा. पालकांनाही शांतपणे समजावून सांगा. अशा मुलाच्या खडूच्या पेटीत प्रत्येक खडूवर रंगाचं नाव चिकटवलं तरी त्याचं अर्धं ओझं कमी होतं.

हे उपक्रम घेताना कोणत्या मुलाचा हात कशात चालतो, याची वेगळी नोंद ठेवा. वर्षाअखेरीस पालक सभेत गुणपत्रक देताना ती नोंदही वाचून दाखवा. आपल्या पोराला काय येतं हे ऐकायला कोणत्या आई-बापाला आवडणार नाही?